खर्जातल्या क्लॅरिनेट्ससाठी लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेहमीची बी-फ्लॅट क्लॅरिनेट बहुतेक अरेंजर चांगली ओळखून असतात. बेस किंवा काँट्रा क्लॅरिनेटसाठी लिहायची वेळ आली, की मात्र रेंजचा तक्ता उघडला जातो आणि त्याच्या तळापासून टोकापर्यंत कुठेही स्वर टाकले जातात. स्वर वाद्यातून निघतो का, एवढंच तो तक्ता सांगतो. तो स्वर कसा निघतो, किती श्वास खातो आणि समूहात ऐकू येतो का, हे वादकाला विचारावं लागतं. मी स्वतः बेस क्लॅरिनेट वाजवतो आणि क्लॅरिनेट समूहांसाठी लिहितो. मला पुन्हा पुन्हा विचारल्या गेलेल्या प्रश्नांची ही उत्तरं.

खुणेपुरतं: पियानोवरचा मधला सी म्हणजे सी ४, त्याखालच्या सप्तकातला सी ३. "लिखित" म्हणजे वादकाच्या कागदावरचा स्वर, "प्रत्यक्ष" म्हणजे कानावर पडणारा.

खर्जातल्या क्लॅरिनेट्स म्हणजे नेमक्या कोणत्या, आणि त्या किती खाली जातात?

सगळ्यांचा पार्ट आज ट्रेबल क्लेफमध्येच लिहितात आणि सगळ्यांची बोटं जवळपास सारखीच पडतात. फरक पडतो तो ट्रान्सपोझिशनमध्ये, म्हणजे लिखित स्वरापेक्षा प्रत्यक्ष स्वर किती खाली येतो यात.

आल्टो क्लॅरिनेट ई-फ्लॅटमधली. लिहिल्यापेक्षा मेजर सिक्स्थ खाली वाजते. लिखित ई-फ्लॅट ३ हा तिचा तळ धरला, तर प्रत्यक्ष जी-फ्लॅट २.

बॅसेट हॉर्न एफमधला. परफेक्ट फिफ्थ खाली. त्याला लिखित सी ३ पर्यंत उतरता येतं, म्हणजे प्रत्यक्ष एफ २.

बेस क्लॅरिनेट बी-फ्लॅटमधली. मेजर नाइन्थ खाली. लिखित ई-फ्लॅट ३ म्हणजे प्रत्यक्ष डी-फ्लॅट २. लांब मॉडेल लिखित सी ३ पर्यंत जातं, म्हणजे प्रत्यक्ष बी-फ्लॅट १.

काँट्रा-आल्टो ई-फ्लॅटमधली. एक सप्तक आणि मेजर सिक्स्थ खाली. लिखित ई-फ्लॅट ३ ला प्रत्यक्ष जी-फ्लॅट १, आणि लांब मॉडेलवर सी ३ ला ई-फ्लॅट १.

काँट्राबेस बी-फ्लॅटमधली. दोन सप्तकं आणि मेजर सेकंड खाली. लिखित ई-फ्लॅट ३ ला डी-फ्लॅट १. काही वाद्यं लिखित डी ३ किंवा सी ३ पर्यंत जातात. लिखित सी ३ म्हणजे प्रत्यक्ष बी-फ्लॅट ०, सुमारे २९ हर्ट्झ. पियानोच्या अगदी शेवटच्या पट्टीपेक्षा तो फक्त अर्धा स्वर वर आहे.

मग बेस क्लॅरिनेटचा तळ कुठे धरायचा, ई-फ्लॅटवर की सीवर?

मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त पार्ट बिघडतात तेही इथेच.

ई-फ्लॅटची किल्ली आली ती एका व्यावहारिक गरजेतून. जुन्या ऑर्केस्ट्रा संगीतात ए-मधल्या बेस क्लॅरिनेटसाठी लिहिलेले पार्ट आहेत. ते वाद्य आता क्वचितच दिसतं, त्यामुळे वादक तो पार्ट बी-फ्लॅट वाद्यावर अर्धा स्वर खाली वाचून वाजवतो. ए-मधल्या पार्टातला सर्वांत खालचा ई त्याच्याकडे ई-फ्लॅट होतो, आणि तो असायलाच हवा. म्हणून ई-फ्लॅट हा आज सर्वत्र गृहीत धरता येणारा तळ आहे. त्याखालचे डी, डी-फ्लॅट आणि सी लांब, जड आणि महाग वाद्यावरच मिळतात. व्यावसायिक ऑर्केस्ट्रात ते वाद्य असतं. विद्यार्थ्यांच्या आणि हौशी समूहांत बहुतेकांकडे ई-फ्लॅटवर थांबणारं वाद्य असतं.

मी सुरुवातीच्या काळात एका समूहासाठी केलेल्या अरेंजमेंटचा शेवट लिखित सी ३ वर केला होता. बेसची ओळ पाच बार पायरी पायरीने खाली उतरत येत होती. तालमीला दोन बेस वादक आले, आणि दोघांचीही वाद्यं ई-फ्लॅटला संपणारी. त्यांनी शेवटचे तीन स्वर वरच्या सप्तकात घेतले. पाच बार खाली उतरलेली ओळ ऐन मुक्कामाच्या तोंडाशी उडी मारून वर गेली आणि शेवटाचा सगळा भार निघून गेला. चूक पूर्णपणे माझी होती. कोणत्या वाद्यासाठी लिहितो आहोत, हे मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी असं करतो. वादकांची वाद्यं माहीत नसतील, तर ई-फ्लॅट ३ हा तळ. त्याखालचा स्वर संगीताला खरोखर हवाच असेल, तर तो लिहितो आणि पर्याय लहान स्वरांत वर देतो. मात्र पर्याय देताना एकटा स्वर उचलून वर ठेवत नाही. जिथे फ्रेज सुरू होते, श्वास येतो किंवा विराम असतो, तिथपासूनची सगळी ओळ वरच्या सप्तकात देतो. सप्तकाची उडी लपवायची जागा फ्रेजच्या आधी असते, मध्ये नाही. सुदैवाने या वरच्या सप्तकातले डी ४ आणि सी ४ हे बेस क्लॅरिनेटचे उत्तम स्वर आहेत.

वरची मर्यादा कुठे?

त्यासाठी वाद्याची घडण थोडी समजून घ्यावी लागते. क्लॅरिनेटची नळी जवळपास सरळ, एकाच जाडीची असते आणि रीडच्या बाजूने ती बंद असल्यासारखी वागते. त्यामुळे खालच्या स्वरांमध्ये विषम हार्मोनिक्स जोरात असतात आणि रजिस्टरची किल्ली दाबली की स्वर सप्तकाने नव्हे, तर बाराव्या स्वरावर, म्हणजे सप्तक आणि पंचम इतका वर जातो. यातूनच लिखित स्वरांचे विभाग पडतात: एफ-शार्प ४ पर्यंत शालुमो (खालचा भाग), जी ४ ते बी-फ्लॅट ४ थ्रोट (मधला छोटा भाग), बी ४ ते सी ६ क्लॅरियन (वरचा भाग) आणि त्यावर अल्टिसिमो.

सोप्रानोवर, म्हणजे नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर, क्लॅरियन हा सर्वांत झळाळता भाग. बेसवर तो गोड असतो, पण बारीक होत जातो. चांगल्या वाद्यावर त्या भागासाठी रजिस्टरची दोन छिद्रं असतात आणि योग्य ते आपोआप उघडतं. साध्या वाद्यावर एकच छिद्र असतं आणि क्लॅरियनचा वरचा अर्धा भाग हट्टी होतो. सर्वसाधारण समूहासाठी मी बेसला लिखित जी ५ पर्यंत निर्धास्त लिहितो. सी ६ पर्यंत लिहायचं तर ओळ पायरी पायरीने वर नेतो, उडी मारून तिथे पोचायला लावत नाही. एकल वादक याच्या कितीतरी वर जातात. एरिक डॉल्फीने जॅझमध्ये हे वाद्य कुठवर नेलं ते ऐकून पाहावं. पण ती त्या वादकाची कमाई आहे. समूहाच्या तिसऱ्या रांगेतल्या वादकाकडून ती गृहीत धरू नये.

काँट्रांसाठी, म्हणजे काँट्रा-आल्टो आणि काँट्राबेससाठी, लिखित जी ५ च्या वर मी कधीच जात नाही. जायची गरजही पडत नाही, कारण तिथे प्रत्यक्ष मिळणारा स्वर बेस क्लॅरिनेट जास्त चांगला देते.

चाल सुंदर आहे, पण बेस क्लॅरिनेटवर फिकी वाटते. काय चुकतंय?

बहुधा ती थ्रोटच्या स्वरांत अडकली आहे. बेस क्लॅरिनेटवर लिखित जी ४ ते बी-फ्लॅट ४ म्हणजे प्रत्यक्ष एफ ३ ते ए-फ्लॅट ३. चेलोच्या चाली नेमक्या याच भागात घोळतात. इथे नळीचा थोडाच भाग वापरला जातो, बहुतेक छिद्रं उघडी असतात आणि आवाज पोकळ येतो. त्यात चाल ए-फ्लॅट ३ वरून ए ३ वर पुन्हा पुन्हा ये-जा करत असेल, तर दर वेळी जवळजवळ सगळी बोटं एकदम झाकावी लागतात. यालाच वादक ब्रेक ओलांडणं म्हणतात. तयारीचा वादक ते सफाईने करतो. तरीही ब्रेकवर ट्रिल किंवा झपाट्याचा झोका लिहू नये.

उपाय सोपा आहे. रचनेची की (पट्टी) बदलायची मुभा असेल तर सगळी अरेंजमेंट थर्डने खाली घ्या. नसेल, तर ती चाल आल्टो क्लॅरिनेटला द्या. आल्टोवर प्रत्यक्ष एफ ३ ते ए-फ्लॅट ३ म्हणजे लिखित डी ४ ते एफ ४, भरघोस शालुमोचा भाग. आल्टो क्लॅरिनेट समूहात ऐकूच येत नाही अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. मला वाटतं, तिला फक्त हार्मनीच्या मधल्या फटी बुजवायला दिलं जातं, म्हणून तसं होतं. एकदा तिला तिच्या खालच्या भागात चाल देऊन बघा.

काँट्रा-आल्टो आणि काँट्राबेस, दोन्हींपैकी एकच मिळणार असेल तर?

पुष्कळजण काँट्राबेस मागतात, कारण ती जास्त खाली जाते. मी बहुतेक वेळा काँट्रा-आल्टो निवडतो, आणि त्याचं कारण पुन्हा थ्रोटचे स्वर.

समूहाच्या खर्जाच्या ओळी प्रत्यक्ष एफ २ ते ए-फ्लॅट २ या भागात फार वेळ असतात. काँट्राबेसवर ते लिखित जी ४ ते बी-फ्लॅट ४ होतात, म्हणजे तिच्या सर्वांत दुबळ्या जागी. काँट्रा-आल्टोवर तेच स्वर लिखित डी ४ ते एफ ४ होतात, म्हणजे भक्कम. काँट्रा-आल्टो आकाराने लहान, श्वास कमी मागते आणि स्वर लवकर पकडते. काँट्राबेसची खरी जागा प्रत्यक्ष ई २ च्या खाली आहे. तिथे ती बेस क्लॅरिनेटच्या एक सप्तक खाली चालली, की सगळ्या समूहाखाली जमीन तयार होते.

अरेंजमेंट अनेक समूहांना द्यायची असेल, तर एकच काँट्रा ओळ प्रत्यक्ष जी-फ्लॅट १ च्या वर राहील अशी लिहा आणि ई-फ्लॅट व बी-फ्लॅट असे दोन्ही पार्ट छापा. ज्यांच्याकडे जे वाद्य असेल ते वाजवतील.

फॅगॉट (बसून), चेलो किंवा डबल बेसचा पार्ट तसाच देता येईल का?

तळ जुळवून पाहा. फॅगॉटचा नेहमीचा तळ बी-फ्लॅट १, म्हणजे नेमका सीपर्यंत जाणाऱ्या बेस क्लॅरिनेटचा. चेलोची सर्वांत खालची मोकळी तार सी २, आणि ई-फ्लॅटवर थांबणारी बेस क्लॅरिनेट पोचते डी-फ्लॅट २ पर्यंत. फक्त अर्धा स्वर कमी! चेलोचे पार्ट बदलून देताना हा अर्धा स्वर फार छळतो, कारण चेलोचे लेखक ती मोकळी तार आवडीने वापरतात. डबल बेसची मोकळी ई तार म्हणजे प्रत्यक्ष ई १. ई-फ्लॅटला थांबणारी काँट्रा-आल्टो तिथवर जात नाही, लांब काँट्रा-आल्टो आणि काँट्राबेस जातात. डबल बेसचा पार्ट लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो, हे विसरलात तर सगळी ओळ सप्तकाने वर चढते.

तार वाद्यांच्या पार्टात श्वासाला जागा नसते. ती तुम्हालाच करावी लागते.

सॅक्सोफोनचे पार्ट चालतात का?

ट्रान्सपोझिशन जुळतं. टेनर सॅक्स आणि बेस क्लॅरिनेट दोन्ही मेजर नाइन्थ खाली, बॅरिटोन सॅक्स आणि काँट्रा-आल्टो दोन्ही सप्तक आणि मेजर सिक्स्थ खाली, आल्टो सॅक्स आणि आल्टो क्लॅरिनेट दोन्ही मेजर सिक्स्थ खाली. त्यामुळे पार्ट समोर ठेवून वाजवता येतो. पण सॅक्सोफोन सप्तकाने ओव्हरब्लो होतो, म्हणजे त्याचा स्वर बाराव्यावर नव्हे, तर सप्तकभर वर जातो, त्याचा सर्वांत खालचा लिखित स्वर बी-फ्लॅट ३ च्या आसपास असतो आणि त्याच्या चाली ट्रेबल स्टाफच्या मधोमध घोळतात. तिथे क्लॅरिनेटचे थ्रोटचे स्वर आणि ब्रेक बसलेत. स्वर बरोबर येतील, पण वाद्याचा उत्तम आवाज येणार नाही. वेळ असेल तर ओळ सप्तकाने खाली आणून पाहा.

काँट्रा-आल्टोसाठी एक जुनी युक्ती आहे. बेस क्लेफमधला कॉन्सर्ट पिचचा, म्हणजे प्रत्यक्ष स्वरांत लिहिलेला पार्ट ट्रेबल क्लेफ समजून वाचायचा आणि की सिग्नेचरमध्ये तीन शार्प वाढवायचे किंवा तीन फ्लॅट कमी करायचे. स्वर नेमक्या त्याच सप्तकात येतात. मधल्या अ‍ॅक्सिडेंटल्सकडे तेवढं लक्ष ठेवावं लागतं. अडचणीच्या तालमीत ट्यूबाचा पार्ट असा सहज निभावतो.

पार्ट ट्रेबल क्लेफमध्ये द्यावा की बेस क्लेफमध्ये?

ट्रेबलमध्ये. जुन्या जर्मन परंपरेत बेस क्लॅरिनेट बेस क्लेफमध्ये लिहीत आणि ती लिहिल्यापेक्षा फक्त मेजर सेकंड खाली वाजे. फ्रेंच पद्धतीत ट्रेबल क्लेफ आणि मेजर नाइन्थ. जुन्या स्कोअरवरून अरेंजमेंट करत असाल, तर कोणती पद्धत आहे ते आधी ठरवा, विशेषतः एकाच पार्टात क्लेफ बदलत असेल तर. सप्तकाची चूक इथेच होते.

खाली कॉर्ड कितपत दाट लिहिता येतो?

सी ३ च्या खाली थर्ड टाळा. तिथे दोन स्वर जवळ आले की गढूळ होतात, आणि क्लॅरिनेट्समध्ये हा गढूळपणा जास्त जाणवतो, कारण सगळ्यांचा रंग एकच. बेस आणि काँट्रा सप्तकाच्या अंतरावर ठेवा, थर्ड वर आल्टोकडे किंवा तिसऱ्या क्लॅरिनेटकडे सोपवा. फिफ्थ चालतो, पण तोही फार खाली नको.

सप्तकाबद्दल एक मजेची गोष्ट: शालुमोच्या आवाजात दुसरा हार्मोनिक, म्हणजे वरचं सप्तक, क्षीण असतं. त्यामुळे काँट्राच्या वर बेस क्लॅरिनेट सप्तकात ठेवली, की आवाजात नसलेली गोष्ट तिथे येऊन बसते. एकट्या काँट्राचा स्वर लांबून धूसर वाटतो. वर बेस आली की तोच स्वर ठामपणे ओळखू येतो. बेसची ओळ ऐकू येत नाही अशी तक्रार असेल, तर काँट्राला आणखी जोरात वाजवायला सांगण्याआधी हे करून पाहा.

श्वासाचं गणित कसं करायचं?

काँट्रा खूप हवा खाते. संथ लयीत चार बारांचा खर्जातला जोरकस स्वर एका दमात मागू नका. दोन वादक असतील तर श्वास आलटून पालटून घेण्याच्या खुणा पार्टातच करा. एकच वादक असेल, तर त्याच्या विरामाच्या जागी ट्यूबा, डबल बेस किंवा दुसरी बेस क्लॅरिनेट तो स्वर उचलून धरील अशी सोय ठेवा.

काँट्राचा खालचा स्वर उमटायला किंचित वेळ लागतो. त्याच स्वरावर झपाट्याचे सिक्स्टीन्थ लिहिले, की ते एकमेकांत मिसळून गुरगुरतात. त्या जागी आठव्या नोट्स ठेवा आणि झपाटा वरच्या क्लॅरिनेट्सना द्या. तळाचे डी, डी-फ्लॅट, सी हे स्वर उजव्या अंगठ्यावर आणि करंगळ्यांवर येतात. त्यांच्यात बोट सरकवत जावं लागतं, म्हणून तिथे सावकाश चाला.

सोप्रानो वाजवणाऱ्यालाच मध्ये बेस क्लॅरिनेट घ्यायला सांगितलं तर?

चालेल. वाद्य बदलायला किमान पंधरा-वीस सेकंद द्या, आणि थंड पडलेल्या वाद्यावर पहिलाच स्वर हळुवार, उघडा आणि वरचा देऊ नका. तो उतरलेला लागतो.

कॉम्प्युटरवर छान वाजलं होतं, तालमीत का नाही?

सॅम्पल्सना दम लागत नाही, रीड नसते आणि प्रत्येक स्वर सारख्याच ताकदीने रेकॉर्ड केलेला असतो. थ्रोटचा दुबळेपणा आणि काँट्राचा उशीर कॉम्प्युटर लपवतो. शक्य असेल तर कठीण आठ बार एखाद्या वादकाकडून वाजवून घ्या.

यांना सोलो द्यावा का?

नक्की द्या! १८३६ साली मायरबेअरने "ले ह्युगेनो" या ऑपेराच्या पाचव्या अंकात बेस क्लॅरिनेटला मोठा सोलो दिला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३८ मध्ये, अडॉल्फ साक्सने सुधारलेल्या बेस क्लॅरिनेटचं पेटंट घेतलं. चायकोव्स्कीच्या "नटक्रॅकर"मध्ये सेलेस्टाच्या चमचमत्या स्वरांखाली बेस क्लॅरिनेट एक छोटी ओळ खाली उतरत नेते. यानाचेकने १९२४ मध्ये "म्लादी" लिहिताना नेहमीच्या वुडविंड क्विंटेटमध्ये सहावं वाद्य म्हणून हीच निवडली.

या वाद्याचं सर्वांत मोठं सामर्थ्य मला त्याच्या हळू आवाजात दिसतं. चायकोव्स्कीच्या सहाव्या सिंफनीत पहिल्या मूव्हमेंटमध्ये क्लॅरिनेटची ओळ विरत जाते आणि तिचे शेवटचे स्वर फॅगॉटला दिले आहेत, त्यावर सहा पी (पी म्हणजे हळू) लिहून. इतक्या खाली इतकं हळू वाजवणं फॅगॉटला अवघड जातं, म्हणून अनेक कंडक्टर ते स्वर बेस क्लॅरिनेटकडे देतात. शालुमोच्या भागात ती शांततेतून स्वर उचलू शकते आणि तसाच शांततेत सोडू शकते. म्हणून सोलो लिहाल तेव्हा लिखित ई-फ्लॅट ३ ते एफ ४ मध्ये लिहा, बाकीच्यांना खरंच थांबवा आणि खाली दुसरं काही ठेवू नका. काँट्रालाही त्या बारांत विराम द्या.